मदत हवी आहे: पाण्याची धार चांगली, तरी वेग घेतला की आउटबोर्ड तापतं

तारकर्लीला कर्लीच्या खाडीत हौसेखातर छोटी फायबरची होडी चालवतो. मागे लावलेलं इंजिन (आउटबोर्ड) ४० एचपी, फोर-स्ट्रोक, जुनं घेतलेलं. हळू चालवताना त्रास नाही. ३,५०० आरपीएमच्या वर गेलं की बझर वाजतो, दिवा तापमानाचाच लागतो आणि इंजिन आपोआप मंदावतं. वेग कमी केला की पुन्हा ठीक.

टेलटेलची (इंजिन थंड करणारं पाणी फिरतंय हे दाखवणारी, बाहेर पडणारी) धार जोरात आहे, पण नुसत्या धारेवर माझा भरवसा नाही. इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) नवा टाकलाय. पाणी घेण्याच्या जाळीतली वाळू, प्लास्टिक काढलं. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याची वाट उघडणारा भाग) गरम पाण्यात टाकून पाहिला, नीट उघडतो. ऑइलची पातळी बरोबर. इंजिन जास्त वर बसलेलं नाही, त्यामुळे हवा ओढत असेल असं वाटत नाही.

पंपाचं हाउसिंग (बाहेरचं कवच), त्याखालची स्टीलची प्लेट आणि प्रेशर व्हॉल्व्ह (पाण्याचा दाब वाढला की उघडणारा) अजून बघितलेले नाहीत. मेकॅनिक थेट हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडून आतलं मीठ काढायला अ‍ॅसिड मारू म्हणतोय. खाऱ्या पाण्याने धरलेले बोल्ट तुटले तर खर्च डोक्यावर बसेल, शिवाय अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅसिड म्हणजे धास्तीच.

हेडला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह बघू की हाउसिंग? आणि आत साचलेलं मीठ व्हिनेगर फिरवून निघतं का? निघत असेल तर पाण्यात किती मिसळायचं, किती वेळ ठेवायचं?