रोबोटिक व्हीलचेअरसाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हावा का?

धंतोलीकर (चर्चाप्रस्ताव; लिहिणाऱ्यांची टोपणनावे नागपुरातील भागांवरून)

अडथळा ओळखून स्वतः थांबणाऱ्या, ठरलेल्या ठिकाणी आपोआप पोहोचवणाऱ्या किंवा पायऱ्या चढणाऱ्या रोबोटिक व्हीलचेअरची जागतिक बाजारपेठ वाढत आहे. म्हणून आपल्याकडेही दिव्यांगांच्या साधनांसाठीच्या सरकारी योजनांतून अशा खुर्च्यांना अनुदान द्यावे, अशी मागणी नागपुरातील माझे काही कार्यकर्ते मित्र करीत आहेत. आजच्या घडीला माझा तिला विरोध आहे.

ही बाजारपेठ जिथे वाढते, तिथे खरेदीदाराच्या पाठीशी पैसे देणारी व्यवस्था उभी असते. जपानमध्ये 2000 पासून दीर्घकालीन शुश्रूषा विमा आहे आणि त्यातून व्हीलचेअर भाड्याने घेता येते. अमेरिकेत वृद्ध आणि दिव्यांगांसाठी मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा आहे. ही व्यवस्था मागे हटली की उत्तमातले उत्तम यंत्रही टिकत नाही. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी घडवलेली आयबॉट ही खुर्ची दोन चाकांवर उभी राहत असे, पायऱ्याही चढत असे. 2003 मध्ये तिला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, पण सुमारे 25 हजार डॉलरच्या किमतीची पुरेशी भरपाई विम्यातून होईना आणि 2009 मध्ये तिची विक्री थांबली. पुढे दुसऱ्या कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली, तरी मधली वर्षे गेली ती गेलीच.

2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग नोंदवले गेले आणि त्यांपैकी सुमारे 54 लाखांचे दिव्यांगत्व हालचालीचे होते. त्यांतील अनेकांकडे साधी, नीट बसणारी खुर्चीही नाही. नागपुरातल्या बर्डीच्या पदपथावर किंवा महाल भागातल्या गल्लीत साधी खुर्ची सलग शंभर मीटर ढकलून पाहावी आणि मग संवेदकांवर (सेन्सरवर) पैसा खर्च करण्याचे बोलावे. आधी उतार (रॅम्प), पदपथ आणि साध्या खुर्च्या, असा क्रम मला योग्य वाटतो.

सक्करदरा

धंतोलीकर साहेब, आपला क्रम कागदावर रास्त आहे, पण ज्यांचे आयुष्य त्या क्रमात अडकते त्यांच्या बाजूने मी लिहीत आहे. माझ्या धाकट्या भावाच्या मानेच्या मणक्याला अपघातात इजा झाली आणि त्याच्या हातांत आता चाक फिरवण्याइतकीही ताकद नाही. त्याच्यासाठी साधी खुर्ची म्हणजे कायम मागे उभा असलेला दुसरा माणूस, आणि आमच्या घरी तो माणूस म्हणजे आमची आई आहे. हनुवटीने चालणारा जॉयस्टिक, नळीतून श्वास ओढून किंवा फुंकून दिलेली आज्ञा, हात थरथरला तरी भिंतीला न धडकता दारातून नेणारे नियंत्रण, या सोयींना चैन म्हणणे मला मान्य नाही. स्वतःच्या इच्छेने या खोलीतून त्या खोलीत जाणे ही चैन कशी असेल?

आणि 'आधी उतार' हे आपण किती काळ ऐकायचे? दिव्यांगांच्या हक्कांसाठीच्या 1995 च्या कायद्यातच पदपथांना व्हीलचेअरसाठी उतार देण्याचे कलम होते, पण त्याला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पुस्ती जोडलेली होती. त्याच्या जागी आलेल्या 2016 च्या कायद्याने अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की सुगमतेचे निकष केवळ शिफारशी ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. उतार झाल्यावरच खुर्ची द्यायची, तर माझ्या भावाची तरुणाई त्या प्रतीक्षेतच सरेल.

त्रिमूर्तीनगर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दोन्ही बाजू मोटारीबद्दल बोलत आहेत आणि बसण्याबद्दल कोणीच बोलत नाही, याचे मला वाईट वाटते. ज्याला कमरेखाली संवेदना नाही, त्याला चुकीच्या रुंदीच्या आसनावर, पातळ गादीवर तासन् तास बसवले की माकडहाडापाशी जखम होते, ती त्याला जाणवत नाही, ती हाडापर्यंत जाते आणि जंतुसंसर्गाने माणूस दगावतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये व्हीलचेअर देण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मोजमाप, निवड, जुळवणी, वापरणाऱ्याचे प्रशिक्षण आणि नंतरची देखभाल हे टप्पे आहेत. आपल्याकडे मोठ्या वाटप शिबिरांत बहुधा ठरावीक मापाची खुर्ची हातात पडते आणि संबंध तिथेच संपतो. रोबोटिक खुर्ची अशीच वाटली गेली, तर फरक एवढाच होईल की जखम महागड्या आसनावर होईल.

मिहानकर

विद्युत अभियंता म्हणून दोन गोष्टी मांडतो. लिथियम बॅटरी चार्ज करण्यासाठी साधारणतः 45 अंशांपर्यंतचे तापमानच सुरक्षित मानले जाते. आपल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, सावलीतली हवाच त्या आसपास जाते आणि पत्र्याखाली ठेवलेली खुर्ची त्याहून तापते. अनुदानाच्या अटींत याचा विचार नसेल, तर बॅटरी लवकर निकामी होईल आणि सुटा भाग परदेशातून येईपर्यंत खुर्ची कोपऱ्यात पडून राहील. बंद पडलेली जड खुर्ची ढकलणे साध्या खुर्चीपेक्षा कितीतरी अवघड असते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट धंतोलीकरांच्या विरोधात जाते. स्वयंचलित खुर्चीची सुरुवात रस्त्यावर करण्याची गरजच नाही. जपानच्या व्हिल कंपनीच्या स्वयंचलित खुर्च्या टोकियोच्या हानेदा विमानतळावर 2020 पासून प्रवाशांना सुरक्षा तपासणीनंतर विमानाच्या दारापाशी नेतात, कारण तिथली फरशी सपाट आहे आणि नकाशा आधीच बनवलेला आहे. आपल्याकडे मोठी रुग्णालये आणि मेट्रोची स्थानके अशीच आहेत. घराबाहेरच्या अंतरासाठी देशी पर्यायही आहे: आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनने 2020 मध्ये आणलेले निओबोल्ट हे खुर्चीला पुढे जोडायचे मोटारचे चाक आहे आणि बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे 55 हजार रुपये होती.

धंतोलीकर

सक्करदऱ्याच्या ताई-दादांपैकी कोण लिहीत आहेत मला ठाऊक नाही, पण आपल्या आईंचा उल्लेख वाचून मी बराच वेळ थांबलो. ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांना क्रमात मागे ठेवू नये, हे मला पटते. त्यांच्यासाठी वैद्यकीय निकषावर वेगळा निधी असावा. मात्र सरसकट अनुदानाला माझा विरोध कायम आहे, कारण मर्यादित निधीत जास्त किमतीचे साधन शिरले की लाभार्थ्यांची संख्या घटते. आणि अनुदान द्यायचेच असेल, तर पाच वर्षांची देखभाल आणि नागपुरातच सुटे भाग, ही अट पुरवठादारावर घातल्याशिवाय एकही खुर्ची विकत घेऊ नये.

सक्करदरा

मी ताई आहे. देखभालीची अट मला मान्य आहे, पण 'एकही खुर्ची घेऊ नये' हे मान्य नाही. दुरुस्तीचे केंद्र कोणताही पुरवठादार शून्य ग्राहकांसाठी उघडणार नाही, त्याला शहरात काही खुर्च्या आधी फिरताना दिसाव्या लागतील. मिहानकर भाऊंनी सुचवल्याप्रमाणे रुग्णालयांत त्या ठेवाव्यात, त्रिमूर्तीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलेली मापे घेऊन गरजूंना घरी वापरून पाहण्यासाठी द्याव्यात, आणि निकष ठरवणाऱ्या समितीत व्हीलचेअर वापरणारी माणसे असावीत. आपल्या वेगळ्या निधीची मागणी मी लेखी मांडायला तयार आहे. आपण त्यावर सही कराल का?