याकोब अधोलोकात का जाईन म्हणतो? तो नरक आहे का?

वाचनवेडी: बायबलचा जुना करार पहिल्यांदाच मराठीतून सलग वाचतेय. उत्पत्ती ३७ मध्ये योसेफाचा रक्ताने माखलेला झगा बघून याकोब म्हणतो, मी शोक करत अधोलोकात माझ्या मुलाकडे जाईन. तिथेच अडकलेय. देवाने निवडलेला माणूस आणि त्याचं सतरा वर्षांचं पोर, दोघं नरकात कशी काय?

जुनीपोथी: ताई, तो नरक नाहीच. मूळ हिब्रू शब्द शिओल, आणि तिथे सगळेच जातात, राजा, गुलाम, चांगला, वाईट. शिक्षा नाही, बक्षीसही नाही, नुसता अंधार, धूळ आणि शांतता. उपदेशक ९:१० वाचा, तिथे काम नाही, ज्ञान नाही, शहाणपण नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते सहावं स्तोत्र, त्यातला आजारी माणूस देवाला म्हणतो की शिओलात तुझं स्तवन कोण करणार, म्हणजे त्याला आगीची भीती नाहीये, देवाशी बोलणं तुटेल याची आहे.

दगडमाती: यात थडग्यांचं पण बघा. यहूदात, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या जुन्या राज्यात, खडकात कोरलेली कुटुंबाची थडगी असायची, दगडी ओट्यावर प्रेत ठेवायचे आणि नंतर हाडं गोळा करून पूर्वजांच्याच हाडांत टाकायचे. यरुशलेमला केतेफ हिन्नोमला अशी थडगी सापडलीत, १९७९ मध्ये तिथेच आशीर्वाद कोरलेल्या चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. "पूर्वजांना जाऊन मिळाला" हे वाक्य ही थडगी बघितल्यावर एकदम खरं वाटतं. आणि ही जागा ज्या हिन्नोमच्या खोऱ्यावर आहे ना, तिथे मुलांचे बळी दिले म्हणून यिर्मया संदेष्टा संतापतो, त्याच नावावरून पुढे गेहेन्ना हा नरकासाठीचा शब्द आला. नरकाची कल्पना तिकडची, शिओलची नाही.

अलिबागकर: आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हणून थोडं सांगतो. मेलेले उठतील हे स्पष्ट येतं ते दानीएल १२ मध्ये, इ.स.पू. १६५ च्या आसपास. तेव्हाचा ग्रीक राजा अंत्युखस ज्यू धर्म पाळणाऱ्यांनाच मारत होता, मग नियम पाळूनही जीव गेला तर न्याय कुठे, हा प्रश्न तेव्हा टाळताच येईना. तरी तेव्हाच्या ज्यूंच्या दोन पंथांपैकी सदूकी लोकांनी ते कधी मानलं नाही, परूश्यांनी मानलं, आणि आमच्या अमिदा प्रार्थनेत मेलेल्यांना जिवंत करणारा म्हणून देवाची स्तुती आजही रोज होते.

वाचनवेडी: सगळ्यांचे खूप आभार. आता ४२व्या अध्यायापर्यंत आलेय, धाकट्या मुलाला, बन्यामीनाला मिसरात न्यायची गोष्ट निघते तेव्हा म्हातारा परत तेच म्हणतो, माझे पिकलेले केस दुःखाने अधोलोकात उतरवाल. या वेळी नीट कळलं.