शंभर ऑक्टेन टाकलं की गाडी पळते?

दादा, साध्या गाडीत १०० ऑक्टेन टाकलं तर पिकअप वाढेल का, असं विचारलंत. नाही वाढणार. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, दाब आणि उष्णतेत इंधनाने आपणहून न पेटण्याची क्षमता. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) मॅपमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) किंवा टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) त्या हिशेबाने वाढवलेलं असेल तरच पैसे वसूल. पेट्रोलच्या झाकणामागे ९५ लिहिलंय? मग ९५च टाका.

इथे उंचीचा विषय कुणी काढला नाही, म्हणून लिहितो. माझी टर्बो नसलेली गाडी कोल्हापुरात ट्यून केली. तिथे उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, हवा विरळ. मग गाडी मालवणात आणली. इथे समुद्रसपाटीला हवा दाट, म्हणजे सिलिंडरमधला दाबही जास्त. मे महिन्यातल्या उकाड्यात चढाला तिसऱ्या गिअरमध्ये टकटक सुरू, म्हणजे पेट्रोल आपणहून पेटायला लागलं! (आमचा मेस्त्री टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागावर, खापर फोडून मोकळा.) शेवटी टायमिंग दोन अंश मागे घेतलं, आवाज बंद.

घाटावर मॅप करून घेणार असाल तर खाली आल्यावर लॉग (ईसीयूने ठेवलेल्या नोंदी) पुन्हा तपासून घ्या. आणि गणपती ते शिमगा गाडी उभीच राहणार असेल तर महागडं पेट्रोल भरून ठेवू नका, त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते आपल्याकडच्या दमट हवेतली ओल ओढून घेतं.