रशियन कॉकपिट असलेले विमान सिम्युलेटरवर शिकताना सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : धरमपेठकर, नागपूर

सप्रेम नमस्कार. मी गेली काही वर्षे घरच्या संगणकावर सेसना १७२ हे छोटे विमान उडवत आलो आहे. सोनेगाव परिसरात वाढल्यामुळे वायुसेनेच्या विमानांविषयी लहानपणापासून ओढ आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ला निरोप देण्यात आला, तेव्हा हे विमान सिम्युलेटरवर तरी नीट शिकावे असे ठरवून मी डीसीएस वर्ल्ड या संगणकीय सिम्युलेटरमधील मिग-२१ बिस घेतले. कॉकपिटमधील सर्व पाट्या रशियन लिपीत आहेत आणि त्या मला वाचता येत नाहीत. त्याहून मोठी अडचण अशी की, ढगांत शिरल्यावर क्षितिजदर्शकाकडे (विमान किती कलले हे दाखवणाऱ्या तबकडीकडे) पाहून विमान सरळ करायला गेलो की ते अधिकच कलंडते. सेसनामध्ये असे कधीच होत नसे. पाट्या इंग्रजीत करून घ्याव्यात की रशियन लिपी शिकावी, आणि क्षितिजदर्शकाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : त्रिमूर्तीनगर

मिग-२१च्या बाबतीत सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी कॉकपिट निवडता येते. शिवाय स्विचवर माउस नेल्यावर त्याचे नाव दाखवणारी सोयही आहे. तरीही माझा सल्ला असा की, पाट्या रशियनच ठेवाव्यात आणि माउसची सोय सुरू ठेवावी. रशियन लिपीतील बरीच अक्षरे ओळखीची वाटतात आणि तिथेच फसगत होते : एचसारखे दिसणारे अक्षर ‘न’ आहे, पीसारखे दिसणारे ‘र’, सीसारखे ‘स’ आणि बीसारखे ‘व’. एवढे लक्षात ठेवले आणि ‘वक्ल’ म्हणजे चालू व ‘विक्ल’ म्हणजे बंद हे ओळखता आले, की इंजिन सुरू करण्यापुरते वाचन जमते. पुढे तर पाटी वाचावीच लागत नाही, कारण हात जागा ओळखू लागतो; दुचाकीचा गिअर टाकताना आपण खाली वाकून पाहत नाही, तसेच हे आहे. बॅटरी, जनरेटर, इंधनपंप, जायरो (दिशा व कल दाखवणाऱ्या उपकरणांतील फिरते चाक) असे स्विचचे गट करावेत आणि एका बैठकीत एकच गट पक्का करावा.

उत्तर : निवृत्त उपकरण तंत्रज्ञ, वायुसेनानगर

पाट्यांचा प्रश्न दुय्यम आहे. आपण विचारलेला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे आणि त्यात आपल्या कौशल्याचा दोष नाही. सेसनाच्या क्षितिजदर्शकात विमानाचे चिन्ह पेटीला जखडलेले असते आणि मागची क्षितिजरेषा कलते. म्हणजे वैमानिक खिडकीतून बाहेर पाहताना त्याला जे दिसेल तेच तबकडी दाखवते. मिग-२१च्या उपकरणात याच्या उलट आहे. तेथे डाव्या-उजव्या कलासाठी विमानाचे चिन्हच कलते आणि क्षितिज आडवे राहते, जणू कोणी मागून आपले विमान पाहत आहे. नाक वर-खाली झाल्याचे मात्र मागची पट्टी सरकून दाखवते. आता विमान डावीकडे कलले असे समजा. मिगमध्ये चिन्हाचा डावा पंख खाली जातो. सेसनाची सवय असलेला डोळा त्या कललेल्या रेषेलाच क्षितिज समजतो आणि विमान उजवीकडे कलले आहे असा निष्कर्ष काढून स्टिक आणखी डावीकडे ढकलतो. आपले विमान अधिक कलंडते ते यामुळेच.

ही बाब केवळ सिम्युलेटरपुरती नाही. १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियातील पेर्म येथे रात्री ढगांमध्ये एरोफ्लोतचे बोइंग ७३७ कोसळले आणि विमानातील सर्व ८८ जणांचा मृत्यू झाला. तेथे दिशा उलट होती, कारण सोव्हिएत पद्धतीचे क्षितिजदर्शक वापरत आलेले वैमानिक पाश्चात्त्य पद्धतीच्या तबकडीसमोर बसले होते. चौकशी अहवालाने अनेक कारणे नोंदवली, त्यांत या फरकाचाही समावेश होता. म्हणून सवय पक्की होईपर्यंत ढगांत शिरू नये, असे मी कळकळीने सांगतो.

सरावासाठी स्वच्छ हवामान आणि २००० मीटर उंची घ्यावी. खरे क्षितिज बाहेर पाहत १५ अंशांचा कल द्यावा, मग नजर तबकडीवर आणून ‘हे चिन्ह म्हणजे मी’ असे मनाशी म्हणावे आणि तबकडीवर पाहतच विमान सरळ करावे. नंतर ३० अंश, मग ४५. हे न चुकता जमू लागल्यावरच ढग आणावेत. या काळात सेसना पूर्णपणे बाजूला ठेवणे बरे, कारण रोज दोन्ही पद्धती आलटून-पालटून वापरल्यास दोन्ही सवयी कच्च्या राहतात.

उत्तर : मानेवाडा

वरील उत्तराशी सहमत आहे. एककांविषयी थोडे लिहितो. वेग ताशी किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये आणि चढ-उतार मीटर प्रतिसेकंदात असतो. नॉट आणि फुटांत रूपांतर करीत बसल्यास उतरताना वेळ पुरत नाही. त्याऐवजी नवे आकडेच पाठ करावेत. ताशी ३०० किलोमीटर वेगाने ३ अंशांच्या उतारावर येताना चढ-उताराचा काटा सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास हवा. सोव्हिएत पद्धतीच्या विमानतळावर धावपट्टीच्या अलीकडे साधारण ४ किलोमीटर आणि १ किलोमीटर अंतरावर रेडिओ बीकन (जागा दाखवणारे रेडिओ प्रक्षेपक) असतात. पहिल्यावरून सुमारे २०० मीटर आणि दुसऱ्यावरून सुमारे ६० मीटर उंचीने गेलात तर उतार बरोबर आहे असे समजावे.

उंचीदर्शकात लावायचा हवेचा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतो आणि धावपट्टीवर उभे असताना उंचीचा काटा शून्य दाखवेल असा तो लावण्याची पद्धत आहे. आपल्या नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे आणि ११ मीटरला साधारण १ मिलिमीटर या हिशेबाने, समुद्रसपाटीवर ७६० असेल त्या दिवशी येथे ७३२च्या जवळपास लावावे लागेल. डीसीएसच्या मोफत कॉकेशस नकाशात बाटुमी अगदी समुद्रकाठी असल्याने हा फरक नगण्य आहे, पण तबिलिसीला तो विसरून चालणार नाही.

धरमपेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्षितिजदर्शकाचा उलगडा झाल्याने मोठा भार उतरला. आणखी एक शंका : टाक्या भरलेल्या असूनही इंधनाची तबकडी कधीकधी भलताच आकडा दाखवते. हा सॉफ्टवेअरचा दोष आहे का?

निवृत्त उपकरण तंत्रज्ञ, वायुसेनानगर

दोष नाही. मिग-२१ची ती तबकडी टाकीतील पातळी मोजत नाही. इंजिनाकडे किती इंधन गेले ते मोजून, आरंभी लावलेल्या आकड्यातून वजा करीत जाते. त्यामुळे उड्डाणापूर्वी भरलेले इंधन लिटरमध्ये पाहून, जोडलेल्या बाह्य टाक्या त्यात धरून, तबकडीशेजारच्या खुंटीने काटा स्वतः लावावा लागतो. काटा चुकीचा लावला तर तबकडी शेवटपर्यंत तीच चूक दाखवत राहील. इंजिन सुरू करण्याच्या आपल्या यादीत ही पायरी बॅटरीनंतर लगेच लिहून ठेवावी.