मदत हवी आहे : पीएलएचे द्राक्ष पनेट

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं द्राक्षाचे पनेट, म्हणजे द्राक्षं भरायचे प्लास्टिकचे छोटे डबे, बनवायचं छोटं युनिट आहे. आजवर पेटवरच (पीईटी, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) काम केलं, आता पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड) वापरायचंय. साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड, त्यापासून हे प्लास्टिक. आपल्या ऊसपट्ट्याला याहून जवळचं काय?

ट्रायलची शीट ठिसूळ आली. ओलावा राहिला की वितळताना प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, म्हणून कटिंगचा चुरा वाळवायला घेतला, तर ड्रायरमध्येच चिकटून गोळा झाला. ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो. तुम्ही कसा वाळवता?

जास्त सलतंय ते वेगळंच. भंगारात हे पेटमध्ये मिसळलं तर पेटही बिघडतं. नुसतं उकिरड्यावर टाकलं तर कुजायला वर्षं लागतात. सांगली-मिरजेत पीएलए वेगळं गोळा करून परत वापरणारं कुणी आहे का? माहिती असेल तर कृपया सांगा, पुढचा माल त्यावरच अडलाय.