करवंदाच्या पाकिटावर लोह 39 मि.ग्रॅ. छापावं का?

मावळचा_रानमेवा
आमचा बचतगट पिकलेली करवंदं वाळवून 100 ग्रॅमच्या पाकिटात विकतो. आता पूडही करायची आहे. नेटवर जिथे तिथे ‘करवंदात 100 ग्रॅमला 39.1 मि.ग्रॅ. लोह’ असं सापडतं, कुठे ताज्या फळाच्या नावानं, कुठे सुक्याच्या. ‘क जीवनसत्त्व भरपूर’ हेही असतंच. यातलं काय छापलं तर खोटं ठरणार नाही? आणि पुडीचे गोळे होतात, त्यावर काय करावं? तोरणं, आंबुळक्या ही रानफळं आणि चारोळी यांचंही असं काही करता येईल का?

पथ्यपाणी
ताई, 39.1 हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातला, आणि तो सुक्या करवंदाचा. त्यात पाणी 18.2 टक्के धरलंय. त्याच तक्त्यात ताज्या करवंदात पाणी 91 टक्के. म्हणजे सुक्या 100 ग्रॅममध्ये कोरडा ऐवज सुमारे 82 ग्रॅम, ताज्यात 9. फरक नऊपट. त्या हिशोबानं ताज्या फळात लोह 4.3 मि.ग्रॅ.च्या आसपास येतं. ताज्या करवंदांच्या फोटोखाली 39 लिहिणारे नऊपट फुगवून सांगतात.

तुमच्या मालालाही तो आकडा उचलून लावू नका. डोंगरातली पुरती पिकलेली करवंदं एवढी पाणचट नसतात, त्यामुळे वाळल्यावर लोह तितकं दाट होत नाही. शिवाय सुकी करवंदं 100 ग्रॅम खातं कोण? 39 खरं मानलं तरी 10 ग्रॅममधून 4 मि.ग्रॅ. मिळणार. बाईमाणसाची रोजची शिफारस 29 मि.ग्रॅ. आहे, आणि वनस्पतीतलं लोह अंगी लागतं थोडंच. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर आणखी कमी.

‘क’चं नाव पाकिटावर घेऊच नका. उष्णता आणि हवा लागली की ते जातं. आवळ्यासारख्या फळाचाही आकडा जुन्या तक्त्यात 600 मि.ग्रॅ. आणि 2017 च्या नव्या तक्त्यात सुमारे 250 आहे. करवंदाला कोणता लावणार?

वाळवणघर
लोहाबद्दल एक भर. रस्त्याकडेच्या जाळीतली करवंदं तांबड्या धुळीनं माखलेली असतात आणि त्या मातीत लोह असतंच. नीट धुतली नाहीत तर लॅबचा आकडा छान येतो, पण तो मातीचा. लोखंडी कढईत शिजवलं तरी तेच होतं, वर रंग काळपट पडतो. स्टीलच वापरा.

कृती अशी: देठाचा चीक जाण्यासाठी कोमट पाण्यात दोनदा धुवा, हाताला आधी खोबरेल लावा. प्रत्येक फळ उभं चिरून दोन भाग करा. अख्खं वाळवलं तर साल आत पाणी धरून ठेवते, वरून खडखडीत दिसतं आणि आठवड्यात आतून बुरशी येते. एकाच थरात, 55 ते 60 अंशांवर वाळवा. घाईनं 70 च्या वर नेलं की साल कडक होते आणि आतला ओलावा अडकतो. फोड गार करून दाबा. बोट ओलं झालं तर अजून वेळ आहे. मग स्टीलच्या डब्यात चार-पाच दिवस ठेवून रोज हलवा. झाकणाला आतून दव दिसलं तर पुन्हा ट्रेमध्ये.

पूड गोळा होते कारण करवंदातली साखर आणि आम्ल हवेतलं पाणी ओढतात. करवंद मेमध्ये येतं, पूड कराल तोवर जून उजाडतो; त्या हवेत दळूच नका. फोडी हवाबंद ठेवा, दिवाळीनंतर कोरड्या हवेत पुन्हा दोनेक तास तापवून, पूर्ण गार झाल्यावर दळा. गरम दळली तर पाकिटातच घाम येतो. कोणी भाजलेलं तांदळाचं पीठ मिसळतात. चालतं, पण घटकांच्या यादीत लिहावं लागेल आणि लोह तेवढं पातळ होईल.

कडेकपारी
तोरणांच्या नादी लागू नका. मोठ्या बीवर पातळ गर, वाळवून हाती काही राहत नाही. ती ताजीच खावीत. आंबुळक्या आंबट, गर मऊ. सरबत बरं होतं, पण साखर इतकी लागते की पोषणाची बढाई मारू नये.

ताकद पाहिजे तर ती बियांत. चारोळीत प्रथिनं 19 आणि स्निग्धांश 59 टक्के, 100 ग्रॅमला साडेसहाशे किलोकॅलरी. मात्र कवच फोडण्याची मजुरी धरूनच भाव लावा. आणि फळासाठी चाराच्या, म्हणजे चारोळीच्या झाडाच्या, फांद्या तोडू देऊ नका, पुढच्या सालचं पीक जातं.

मावळचा_रानमेवा
लॅबमध्ये काय मागायचं?

पथ्यपाणी
एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची लॅब बघा आणि ओलावा व लोह या दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर मागा. ओलाव्याविना लोहाच्या आकड्याला अर्थ नाही. नमुना एका पाकिटातला नको. वेगवेगळ्या ट्रेमधून मूठमूठ काढून, एकत्र कालवून त्यातून द्या. अहवालात आकडा ‘आहे त्या स्थितीत’ (ओलाव्यासकट) की ‘कोरड्या वजनावर’ (ओलावा वजा करून) हे बघून घ्या. छापायचा तो पहिला.