मदत हवी आहे: गिटार बनवून घेऊ की कंपनीची घेऊ? (जरा लवकर सांगा)

ओंक्या
नमस्कार मंडळी, पटकन सल्ला हवाय. इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय आणि दोन पर्यायांत अडकलोय. ओळखीतला एक जण गिटार बनवतो, तो मला हवी तशी बनवून देतोय, महोगनीची बॉडी, वर मेपलचा टॉप, चिकटवलेला नेक, दोन हंबकर (दोन कॉइलचे पिकअप, म्हणजे तारेची कंपनं पकडणारे चुंबक), स्केल (मोकळ्या तारेची वाजणारी लांबी) २४.७५ इंच. दुसरी कंपनीची, सुपरस्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची, मेटलसाठी बदललेली), बोल्टवाला नेक, २५.५ इंच, पुढेमागे हंबकर आणि मध्ये सिंगल कॉइल. पैसे दोन्हीला साधारण सारखेच लागतायत त्यामुळे तो मुद्दा नको. बनवणाऱ्याकडे एकच जागा रिकामी आहे आणि तो या आठवड्यात हो की नाही सांग म्हणतोय. यूट्यूबवर बघून बघून डोकं फिरलं. काय घेऊ तेवढं सांगा.

सातवा_फ्रेट
वाजवतोस काय? ट्यूनिंग कोणतं? आत्ता हातात कोणती गिटार आहे आणि तिच्यात काय खटकतंय? यातलं काहीच लिहिलं नाहीस आणि काय घेऊ विचारतोयस.

निवांत_नाना
बनवूनच घे. माझा नेक मी माझ्या जुन्या गिटारवरून माप देऊन करून घेतला, हाताला असा बसलाय की आता दुसरी कुठलीही उचलली की परकी वाटते. कंपनीचा नेक सगळ्यांसाठी असतो, म्हणजे कोणासाठीच नसतो. आणि हो, क्वीन बँडच्या ब्रायन मेनं वडिलांबरोबर १९६३ साली घरीच गिटार बनवायला घेतली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड नेकला वापरलं, ट्रेमोलोला (स्वर हलवणाऱ्या दांड्याला) मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या, आणि तीच आयुष्यभर वाजवली. बोला.

तारकरी
नाना, ब्रायन मेनं ती स्वतः बनवली होती, दुसऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊन वाट बघत बसला नव्हता. आणि विकायची वेळ आली तर? कंपनीची गिटार मॉडेलच्या नावावर विकली जाते. बनवून घेतलेली विकताना आधी बनवणारा कोण हे समजावून सांगायचं, मग त्या माणसाला तुझ्याच मापाचा नेक आवडायला हवा. माझ्याकडे अशी एक पडून आहे, वाजते छान, घ्यायला कुणी येत नाही.

निवांत_नाना
विकायचीच असेल तर घेता कशाला राव.

ओंक्या
मेटल वाजवतो, अधूनमधून जुनं हार्ड रॉक. ड्रॉप सी. आत्ताची सुरुवातीला घेतलेलीच आहे, तारा लोंबतात आणि जाड तार जोरात मारली की आधी शार्प होते मग खाली येते. आता सांगा.

सातवा_फ्रेट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ड्रॉप सी म्हणजे जाड तार ई वरून सी वर, बाकीच्या एकेक पूर्ण स्वर खाली. त्यात तू २४.७५ स्केल सांगतोयस. तीच तार, तोच स्वर असेल तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे २५.५ ला २४.७५ पेक्षा साधारण ६ टक्के जास्त ताण मिळतो. ऐकायला कमी वाटतं पण ड्रॉप सी मध्ये जाड तारेवर पिक मारताना कळतं. आधी तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या, इंचाच्या हजाराव्या भागात) आहेत ते सांग, १०-४६ लावून ड्रॉप सी वाजवत असशील तर गिटार बदलून काही होणार नाही. ११-५४ किंवा १२-५६ लाव, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा त्या मापाच्या करून घे, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) परत लाव, मग बघ गिटार घ्यायची गरज उरते का.

मंद्रसप्तक
२५.५ तरी कशाला, बॅरिटोन घ्या, २७ इंच. २५.५ पेक्षा ताण १२ टक्क्यांनी वाढतो, सी एकदम घट्ट. मी एकदा गेलो तो परत आलोच नाही.

ओंक्या
१०-४६ आहेत. पण गिटार तर घ्यायचीच आहे, ठरलंय.

निवांत_नाना
ब्लॅक सॅबथचा टोनी इओमी २४.७५ वर १९७१ च्या सुमारास सी शार्पपर्यंत उतरवून वाजवत होता आणि त्यातूनच अख्खं हेवी मेटल निघालं. स्केलचा बाऊ करू नका.

सातवा_फ्रेट
इओमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात कापली गेली होती नाना, त्याला तारा सैलच हव्या होत्या. ओंक्याला घट्ट हव्यात. उदाहरण उलट्या बाजूचं झालं.

जुनं_खोड
मुख्य गोष्ट राहिली, लाकूड. महोगनी आणि मेपलचा टॉप म्हणजे जाडसर आवाज आणि वर धार. कंपन्या या रेंजमध्ये बासवुड नाहीतर पॉपलर देतात, त्याला आत्मा नाही.

सोल्डरवाली
काका, पिकअप चुंबकीय असतो, त्याला तारेची हालचाल कळते, लाकडाची जात कळत नाही. लाकडाचा फरक जो काही असेल तो ड्रॉप सी मध्ये हाय गेनला (खूप डिस्टॉर्शनवर) टिकतो का हे मला कुणीतरी डोळे बांधून ओळखून दाखवा. पिकअपची उंची एक मिलिमीटरनं बदलली तर मात्र लगेच ऐकू येतं, आणि तो स्क्रू फिरवायला फुकट आहे.

जुनं_खोड
कान तयार लागतात.

सोल्डरवाली
म्हणूनच म्हटलं, डोळे बांधून.

लाऊड_आहे_का
दोघंही चुकताय. आधी अ‍ॅम्प कोणता आहे ते विचारा. गिटारला जेवढे देतोय तेवढे अ‍ॅम्पमध्ये घाल आणि जुनीच वाजव. स्पीकर बदलला तर माणसं विचारतात गिटार नवीन का म्हणून.

ओंक्या
अ‍ॅम्प ठीक आहे, अ‍ॅम्पबद्दल विचारलेलं नाही. कस्टम की कंपनी एवढंच सांगा ना.

छोटीची_आई
धाग्यात घुसतेय, माफ करा. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला गिटार शिकायची आहे. तिला डायरेक्ट इलेक्ट्रिक दिली तर चालेल का की आधी अकौस्टिक?

निवांत_नाना
चालेल की. इलेक्ट्रिकच्या तारा बारीक, बोटं कमी दुखतात. तीन चतुर्थांश साइजची बघा. अकौस्टिकवर आधी बोटं घासलीच पाहिजेत हा आमच्या पिढीचा हट्ट.

जुनं_खोड
हट्ट नाही, पाया.

तारकरी
छोटीची_आई, वेगळा धागा काढा, इथे या दोघांत तुमचा प्रश्न वाहून जाईल. ओंक्या, साधा उपाय सांगतो. दुकानात जा, २५.५ वाली आणि २४.७५ वाली दोन्ही अर्धा अर्धा तास वाजव, हातच सांगेल. कागदावरच्या मापांवर गिटार घेऊ नकोस.

ओंक्या
डावखुरी गिटार दुकानात टांगलेली दिसली तर मलाही कळवा, येतो लगेच.

सातवा_फ्रेट
थांब. तू डावखुरा आहेस???

ओंक्या
प्रोफाइल फोटोत गिटार कुठल्या बाजूला आहे बघा की. त्यानं काय फरक पडतो, दोन्ही पर्याय डावखुरेच विचारलेत मी.

तारकरी
अरे बाबा. पन्नास प्रतिसाद झाल्यावर सांगतोस. माझा रीसेलचा मुद्दाही निम्मा बाद, डावखुरी कंपनीची असली तरी गिऱ्हाईक कमीच.

मंद्रसप्तक
उजवी घेऊन उलटी करा ना, हेंड्रिक्स तसंच करायचा. स्वस्तात पडेल.

सोल्डरवाली
हेंड्रिक्सनं स्ट्रॅट उलटी केली, तिच्या ब्रिजला प्रत्येक तारेचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) वेगळं हलतं म्हणून इंटोनेशन लावता तरी येतं. तिरका बसवलेला ट्यून-ओ-मॅटिक ब्रिज असेल तर तारा उलट्या केल्यावर तिरकेपणा चुकीच्या बाजूला जातो आणि जाड तारेला सॅडल पुरत नाही. वर नट नवीन, स्ट्रॅपचं बटण हलवायचं, वरच्या फ्रेटपाशी हात अडतो, आणि नॉब मनगटाखाली येऊन वाजवता वाजवता व्हॉल्यूम कमी होतो. ब्लूजवाल्या अल्बर्ट किंगसारखं तारा न बदलता उलटी धरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी, पण मग सगळे कॉर्ड नव्यानं शिका.

ओंक्या, मी रिपेअरचं काम करते म्हणून नीट विचारते. कंपनीचं ते मॉडेल डावखुरं मिळतंय त्यात ब्रिज कुठला आहे? आणि कस्टमवाल्यानं आधी डावखुरी बनवलीय का?

ओंक्या
कंपनीची डावखुरी एकाच रंगात आहे आणि त्यात फ्लॉइड रोज (स्प्रिंगांवर तरंगणारा ट्रेमोलो ब्रिज) आहे. उजव्या हातवाल्यांना मात्र फिक्स ब्रिज, चार रंग, सगळं. म्हणून तर कस्टमचा विचार सुरू झाला. त्यानं डावखुरी केलीय का ते विचारलं नाही.

सोल्डरवाली
म्हणजे प्रश्न कस्टम की कंपनी असा नाहीच, तुला फिक्स ब्रिजची, २५.५ ची, डावखुरी गिटार हवीय आणि ती तयार मिळत नाहीये. फ्लॉइडवर ड्रॉप सी लावता येतो, पण दोन गाण्यांच्या मध्ये ट्यूनिंग बदलायचं म्हटलं तर एक तार उतरवली की बाकीच्या वर चढतात. मागच्या बाजूला लाकडाचा ठोकळा घालून ब्रिज अडवता येतो, मी कितीतरी जणांना करून दिलाय, पण नव्या गिटारला पहिल्याच दिवशी ठोकळा घालायचा तर ती घ्यायची कशाला.

माझं मत बनवून घे, पण तू सांगितलीस ती नको. स्केल २५.५ कर आणि नेक बोल्टवाला कर. एकट्या माणसाकडून बनवून घेताना चिकटवलेल्या नेकचा कोन किंचित चुकला तर तो नीट करणं म्हणजे मोठं ऑपरेशन, बोल्टवाला असेल तर सांध्यात पातळ पट्टी घालून कोन बदलतो. आवाजात फरक पडतो की नाही त्यावर काका आणि मी नंतर भांडू.

त्याला विचार की व्हॉल्यूमचे पॉट (नॉबखालचा फिरता भाग) रिव्हर्स लॉग, म्हणजे उलट्या दिशेसाठीचेच, लावणार का. पुष्कळ जण नेहमीचेच लॉग पॉट उलटे जोडून देतात, मग नॉब डावखुऱ्या दिशेनं फिरतो खरा पण सगळा फरक एका टोकाला गोळा होतो. नेकच्या बाजूचे ठिपके वरच्या कडेला येणार ना. ट्रस रॉडचं (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं) तोंड कुठे. आणि त्यानं बनवलेली कुठलीही गिटार बघायला माग, उजवी असली तरी. वाजवता नाही आली तरी तपासता येते, फ्रेटची टोकं बोटाला लागतात का, सांध्यात फट दिसते का. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाब आणि सातव्या-आठव्यापाशी तारेखाली बघ, ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट असली की नेक ठीक. पैसे टप्प्याटप्प्यानं दे, बॉडी कापल्याचा फोटो आला की पुढचा हप्ता.

निवांत_नाना
मी पहिल्या प्रतिसादात हेच म्हटलं होतं.

सातवा_फ्रेट
नाना, तुम्ही फक्त "बनवूनच घे" म्हटलं होतं 😄
ताईंना +१. बनवणारा देशाबाहेरचा असेल तर फ्रेटबोर्डचं लाकूड पण विचार. रोझवुडच्या सगळ्या डाल्बर्जिया जाती २०१७ पासून साइट्सच्या (CITES, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीत आल्या, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोझवुड त्या सवलतीत नाही. मेपल किंवा एबनी सांगितलंस तर रोझवुडचा प्रश्नच येत नाही.

लाऊड_आहे_का
आणि अ‍ॅम्प?

ओंक्या
बोललो त्याच्याशी. डावखुरी एक केलीय म्हणतो, ती ज्याच्याकडे आहे त्याला विचारून दाखवतो म्हणाला. २५.५ आणि बोल्टला तयार आहे, उलट त्याला तेच सोपं पडतं. रिव्हर्स लॉग पॉट वेगळे मागवावे लागतील म्हणाला, म्हणजे माहिती होती त्याला. नेकची जाडी विचारतोय, माझ्या आत्ताच्या गिटारचीच ठेव म्हटलं, तीच एक गोष्ट बरी आहे तिच्यात. पहिल्या फ्रेटपाशी मोजली तर २३.५ मिलिमीटर आली, हे बरोबर वाटतं का? जरा जास्त वाटतंय.

तारकरी
तारांसकट मोजलीस का?

ओंक्या
हो.

तारकरी
तारा ढिल्या करून बाजूला सार आणि परत मोज. व्हर्नियर फ्रेटवर टेकवू नकोस, फ्रेटच्या शेजारी लाकडावर टेकव. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी अशी दोन मापं दे त्याला, नटची रुंदी वेगळी दे. शिवाय पुठ्ठ्यावर नेकच्या पाठीचा आकार कापून पाठव, नुसत्या जाडीवरून खांदे किती भरलेले आहेत ते त्याला कळणार नाही.